आरसा घेऊन कब्रस्तानात

गेल्या रविवारी पहाटे बाथरूममधला आरसा खिळ्यावरून काढला, जुन्या चादरीत गुंडाळला, गाडीच्या मागच्या सीटवर रबरानं आवळून बांधला आणि नागपूरहून कामठी रोडनं निघालो. थंडी बम होती, ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे तर धुकं इतकं की समोरच्या ट्रकचा लाल लाइट तेवढा दिसून राहिला होता. आरसा कशाला, तर एका दगडावरची तीन अक्षरं आणि एक आकडा वाचायला. तीन रविवार झाले, आम्हाला ते वाचता येत नव्हतं.

दोन वर्षांपासून आम्ही काही जण कामठीकडच्या एका जुन्या मिलिटरी कब्रस्तानात जातो, गावातले लोक त्याला गोऱ्यांचं कब्रस्तान म्हणतात. दिवाळी झाली की सुरू करायचं आणि होळीपर्यंत जेवढं होईल तेवढं, त्यानंतर आपल्या इकडचं ऊन तिथे उभं राहू देत नाही आणि पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं, त्यात घोणस असते. संस्था वगैरे नाही. एक रिटायर्ड सुभेदारसाहेब आहेत, हिस्ट्रीत एमए करणाऱ्या दोन पोरी आहेत, एक पाथरवट काकाजी आहेत, माझा एक बँकेतला मित्र, आणि मी. माझं नागपूरच्या महाल भागात डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, वास्तूच्या पत्रिका, तेरवीची कार्डं, दिवसभर डोळ्यासमोर अक्षरंच. जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घेतली आहे आणि ती झेरॉक्स प्रत्येकाच्या खिशात असते. नेमकी जागा मी इथे मुद्दाम लिहून नाही राहिलो, कारण संगमरवर चोरीला जातो. अर्ध्या कबरींवर फक्त चौकोनी खाच उरली आहे जिथे नावाची पाटी होती, लोखंडी कठडे तर केव्हाच भंगारात गेले, आणि जिथे अक्षरांमध्ये शिसं ओतलेलं होतं तिथलं शिसं कोणीतरी एकेक अक्षर उचकून नेलं. उचकलेल्या अक्षरांची भोकं मात्र राहतात आणि त्या भोकांवरून नाव लावता येतं, हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मला रात्री झोप नाही आली.

कामठीची छावणी १८२१ ची. आधी १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसल्यांचा पाडाव झाला आणि मग इंग्रजांनी कन्हानच्या काठी फौज बसवली. ही फौज मद्रासची होती, हे लक्षात ठेवा कारण पुढे याचं काम पडतं. आता तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर आहे हे नागपूरच्या माणसाला सांगायची गरज नाही.

मला आधी वाटायचं की सोल्जरची कबर म्हणजे लढाईत मेलेला माणूस. तसं नाहीच आहे जी. आम्ही जेवढे दगड वाचले त्यात बहुतेक जण तापानं, कॉलऱ्यानं, हगवणीनं, उन्हानं गेलेले. १८६३ साली रॉयल कमिशननं हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या तब्येतीचा रिपोर्ट दिला, फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्याच्यामागे हात धुऊन लागल्या होत्या, त्यात मरणाचा आकडा दिला आहे, हजारात ६९, दरवर्षी. म्हणजे हजार जणांची पलटण कामठीत नुसती बसून राहिली, एक गोळी नाही सुटली, तरी दहा वर्षांत अर्धी गेली. कॉलऱ्याचा जंतू कोख यांनी कलकत्त्यात ओळखला तो १८८४ मध्ये, तोपर्यंत हवेनं होतो, वासानं होतो अशाच गोष्टी चालायच्या आणि पाणी मात्र तेच प्यायचं. दगडांवर वय वाचत चालत जा, एकवीस, तेवीस, एकोणीस, पंचवीस. आणि खाली पुष्कळदा एकच ओळ असते की हा दगड त्याच्या सोबत्यांनी उभारला. आई-बाप समुद्रापलीकडे, त्यांना कळायलाच महिने लागायचे, मग बराकीतल्या पोरांनीच आपल्या पगारातून वर्गणी काढली असणार आणि गावातल्या पाथरवटाकडून इंग्रजी अक्षरं कोरून घेतली असणार. त्या पाथरवटाला इंग्रजी येत नव्हतं हे काही दगडांवर सरळ दिसतं, एका ठिकाणी एन उलटा कोरला आहे. त्यानं कागदावर पाहून चित्र काढावं तसं काढलं. मला त्या माणसाबद्दल फार माया वाटते.

आता आमचा दगड. तो कामठीच्या वालुकाश्माचा आहे, तांबूस पिवळा, हात फिरवला तर बारीक रेती हाताला लागते. काकाजी एका नजरेत म्हणाले, "हा इथलाच आहे, सिलेवाड्याकडचा." भूगर्भवाले या खडकाला कामठी फॉर्मेशनच म्हणतात, आणि आपलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते स्टीफन हिस्लॉप कामठी, सिलेवाडा भागातल्या या दगडातून झाडांच्या पानांचे जीवाश्म गोळा करायचे. तेही इथेच गेले, १८६३ च्या सप्टेंबरमध्ये, टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून येताना पुराच्या नाल्यात. तर हा दगड कोरायला सोपा पण टिकायला वाईट, पाणी आत शिरलं की पापुद्रे सुटतात, आणि पापुद्र्यासोबत अक्षरं जातात. आमच्या दगडाची वरची ओळ शाबूत आहे, "सेक्रेड टू द मेमरी ऑफ", प्रायव्हेट म्हणजे साधा शिपाई हा हुद्दा वाचता येतो, साल १८६० च्या दशकातलं आहे, कॉलरा हा शब्द स्वच्छ आहे, सोबत्यांची ओळ आहे. आडनावाचा शेवट "सन" असा आहे. पहिलं अक्षर आणि मधली दोन गायब. वय वीसच्या पुढचं आहे पण दुसरा आकडा एक आहे की चार ते कळत नव्हतं.

आणि हे फक्त पावसानं नाही झालं. आमच्या आधी काही वर्षांपूर्वी कोणीतरी तिथे "सुशोभीकरण" करून गेलं, कोण ते लिहीत नाही, हेतू वाईट नसेल, पण त्या लोकांनी कबरींना सिमेंटचा गिलावा केला आणि काही दगड तारेच्या ब्रशनं आणि ॲसिडनं घासले. मी हे लिहितानाही माझा जीव तुटून राहिला आहे. संगमरवर म्हणजे चुनाच, त्यावर टॉयलेट क्लीनर ओतलं की फेस येतो तो मळाचा नसतो, दगड विरघळतो त्याचा असतो. पांढरा शुभ्र दिसतो आणि अक्षराच्या कडा गेलेल्या असतात. सिमेंटचं त्याहून वाईट, ते दगडापेक्षा कडक असतं, ओल आत अडकवून ठेवतं, मग दोन-चार पावसाळ्यांत सिमेंट तसंच राहतं आणि त्याच्या बाजूचा दगड भुगा होऊन गळतो. आमच्या दगडाच्या डाव्या अंगाला हेच झालं आहे, बोटभर रुंद सिमेंटची पट्टी आणि तिच्याला लागून जे पहिलं अक्षर होतं ते गेलं.

म्हणून कोणाला असं काम करायचं असेल तर हात जोडून सांगतो, आधी काहीच करू नका. फोटो काढा. मग साधं पाणी आणि मऊ ब्रश, नायलॉनचा किंवा नारळाच्या मऊ काथ्याचा, आणि धुवायचं ते खालून वर, वरून खाली नाही, कारण वरून धुतलं की घाण पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या दगडात शिरतात आणि डाग बसतो. पापुद्रा हलत असेल तर ब्रशही नाही लावायचा. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, शेव्हिंगचा फेस असलं काही फासायचं नाही, ऑइल पेंटनं अक्षरं गिरवायची तर अजिबात नाही, कारण तुम्ही चुकीचं अक्षर गिरवलं तर पुढच्या माणसाला तेच खरं वाटणार. पिंपळाचं रोप फटीत आलं असेल तर उपटू नका, मूळ दगड घेऊन बाहेर येतं, बुडाशी कापायचं आणि पुन्हा फुटलं की पुन्हा कापायचं. रायमुनिया, म्हणजे घाणेरीची झुडपं, मात्र खुशाल काढा, फक्त काठी आपटून मग हात घाला. सांधे भरायचे तर चुन्यानंच. काकाजी चुना विझवून महिनाभर भिजत ठेवतात, सुरखी म्हणजे विटांची भुकटी घालतात, बेलफळाचं पाणी घालतात, त्यांच्या वडिलांनी शिकवलं तसं. मी एकदा घाई केली, म्हटलं काकाजी एवढं कशाला, तर ते म्हणाले, "चुना दगडापेक्षा नरम पायजे बाबू, तुटलं तर चुन्यानं तुटावं."

लोक मला विचारतात की हे काम सरकार नाही करत का, त्या युद्धाच्या कबरीवाल्या कमिशनचं काय. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन १९१७ मध्ये सुरू झालं आणि त्यांचं काम खरंच बघण्यासारखं आहे, पुण्याला खडकीला त्यांची दफनभूमी आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी, पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात जिथे कबरी नीट राहतील याची खात्री नव्हती तिथून आणलेल्या. तिथेच पहिल्या महायुद्धाच्या काळात इथे मेलेल्या १,८०० हून जास्त जणांची नावं एका स्मारकावर आहेत, त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडीतून जून १९६२ मध्ये हलवले. पण कमिशनला तारखा बांधून दिल्या आहेत. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या तारखांच्या आत मेला तर दगड मिळेल, नाव मिळेल, माळी मिळेल. आमचा पोरगा १८६० च्या दशकात कॉलऱ्यानं गेला, तो कोणाच्याच हिशोबात बसत नाही. १९४७ नंतर अशा कबरस्तानांची जबाबदारी इकडून तिकडे होत राहिली, चर्चकडे, छावणीकडे, महापालिकेकडे, आणि ज्या गावात आता कोणी नातेवाईकच नाही तिथे कोण पैसा लावणार. बाहेर देशात १९७६ पासून एक संस्था आहे, दक्षिण आशियातल्या युरोपियन कब्रस्तानांसाठीच काढलेली, ती नोंदी ठेवते आणि जिथे स्थानिक लोक पुढे येतात तिथे दुरुस्तीला थोडी मदत करते. पण गवत कापायला शेवटी गावातलाच माणूस लागतो.

दुसरा प्रश्न जास्त टोचणारा असतो आणि तो विचारायलाच पाहिजे. ते आपल्यावर राज्य करायला आले होते, त्यांच्या कबरी तू काहून धुऊन राहिला? माझ्या काकांनी घरी सगळ्यांसमोर विचारलं होतं. तेव्हा उत्तर देता नाही आलं, इथे देतो.

माझ्या आजोबांचे मोठे भाऊ, आम्ही त्यांना मोठे आबा म्हणतो, भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून फौजेत गेले आणि ब्रह्मदेशातून परत नाही आले. घरात एवढंच माहीत. तारीख नाही, फोटो नाही. अक्षय तृतीयेला पित्रांच्या नावानं मडकं भरायचं तेव्हा आजी त्यांचंही नाव घ्यायची आणि मडक्याकडे पाहायची नाही. चार वर्षांपूर्वी रात्री दुकानात बसून मी कमिशनच्या वेबसाइटवर नाव टाकलं, एका स्पेलिंगनं नाही आलं, दुसऱ्यानं नाही, आपली नावं इंग्रजीत कशीही लिहितात हे मला धंद्यामुळे माहीत आहे म्हणून मी अकरा प्रकारे टाकून पाहिलं. अकराव्याला आलं. रंगूनजवळ टाऊक्यान इथे रंगून मेमोरियल आहे, ज्यांची कबर सापडली नाही अशा जवळजवळ २७,००० जणांची नावं खांबांवर कोरली आहेत, त्यात मोठे आबा. हुद्दा, नंबर, तारीख, वडिलांचं नाव, गावाचं नाव थोडं चुकलेलं, पुढे भंडारा, इंडिया. मी घरी जाऊन बाबांना उठवलं. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल हातात घेतला, म्हणाले "मोठं कर." मी दोन बोटांनी मोठं केलं. "अजून मोठं कर." मग स्क्रीनवर फक्त मोठ्या आबांच्या वडिलांचं, म्हणजे बाबांच्या आजोबांचं नाव उरलं आणि बाबा त्यावरून बोट फिरवत बसले, बोट लागलं की स्क्रीन सरकायची, मी परत जागेवर आणायचो. आता आमच्या घरी मोठ्या आबांना तिथी आहे.

ते नाव कोणीतरी टाइप केलं होतं. ज्यानं केलं त्याला भंडारा कुठे आहे माहीत असायचं काही कारण नव्हतं, तरी त्यानं आमच्या पणजोबांचं नाव, आमचं गाव, सगळं एकेक अक्षर घातलं. मी महालात बसून तेच काम करतो, मला माहीत आहे की माणूस कंटाळला की पहिले अशाच ओळी गाळतो. त्यानं नाही गाळल्या. मग मी कामठीच्या त्या पोराचं पहिलं अक्षर कसं सोडू.

सगळ्यांच्या वाट्याला हे नाही आलं, तेही लिहितो. कमिशननंच २०२१ मध्ये रिपोर्ट काढून कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार जणांना, त्यात आपले हिंदुस्थानी खूप, गोऱ्यांसारखं स्मरण दिलं गेलं नाही, आणि कमीत कमी १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, ज्यात पूर्व आफ्रिका आणि इजिप्तचे लोक जास्त, त्यांची नावंच कुठे नाहीत. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा फक्त आकडा. आपल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी असते, १९१४ ते १९१९ च्या लढाईवर या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. तिथेही आकडाच. आणि कामठीत गोऱ्या पलटणीच्या बाजूला ज्या मद्रासी शिपायांच्या पलटणी होत्या, तोच कॉलरा त्यांनाही झाला, ते कन्हानच्या काठावर जळाले नाहीतर कुठेतरी पुरले गेले आणि त्यांचा दगड आम्हाला आजवर एकही सापडला नाही. सीताबर्डीच्या टेकडीवरही दोन्ही बाजूंचे लोक पडले, भोसल्यांच्या फौजेतले अरब तर कुठल्या कुठून आलेले. किल्ल्यात नवगजा बाबाची लांबलचक कबर आहे, १८५७ ला फाशी दिलेल्यांची म्हणतात, लोक २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला किल्ला उघडला की तिथे डोकं टेकवतात.

सुभेदारसाहेब या गोष्टीवर जास्त बोलत नाहीत. ते आले की आधी बूट पुसतात, मग गेटच्या आत पाऊल टाकतात, आणि एखादं नाव पूर्ण वाचता आलं की उभं राहून ते मोठ्यानं वाचतात, नंबर, हुद्दा, नाव, हजेरी घेतात तसं. मी त्यांना एकदा विचारलं की साहेब हा आपला कोण, तर म्हणाले, "जवान आहे नं."

तर आरसा. आमचा दगड उत्तरेला तोंड करून आहे आणि वर कडुनिंबाची सावली, त्यामुळे त्याच्यावर ऊन कधी तिरपं पडतच नाही, आणि झिजलेलं अक्षर तिरप्या उजेडाशिवाय दिसत नाही. रात्री टॉर्चनं करता आलं असतं पण संध्याकाळी सहानंतर आत थांबायची परवानगी नाही. म्हणून एका पोरीनं सुचवलं की वीस फुटांवर जिथे ऊन आहे तिथे आरसा धरायचा आणि कवडसा बाजूनं दगडावर घासत न्यायचा. सव्वादहाला आरसा तिनं धरला, माझा मित्र दगडाच्या दुसऱ्या बाजूला काळी छत्री धरून बसला, आणि मी जमिनीला गाल लावून. तिला मी सांगत होतो, थोडं खाली, डावीकडे, थांब. पहिल्या अक्षराच्या दोन उभ्या रेघा आधीपासून दिसायच्या, म्हणून आम्ही त्याला एच धरून चाललो होतो. एचमध्ये मधली रेघ आडवी असते. कवडसा सरकला आणि दोन रेघांच्या मधे वरून डावीकडून खाली उजवीकडे जाणारी एक सावली उठली, केसाएवढी, आणि पुन्हा गेली. मी ओरडलोच. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तिरपीच. एन आहे. त्यानंतरचं अक्षर ई निघालं, काकाजींनी बोटाच्या पेरानं चाचपून सांगितलं की इथे तीन आडव्या खाचा लागतात, त्यांना इंग्रजी येत नाही आणि तेच बरं, कारण ते अंदाज बांधत नाहीत. तिसरं अक्षर मला एल वाटतं. तुम्हाला नाव कळलं असेल, पण मी ते पूर्ण लिहून नाही राहिलो, दप्तराशी जुळल्याशिवाय लिहिणार नाही.

ते दप्तर लंडनला आहे. पादरी लोक दरवर्षी दफनाच्या नोंदी पाठवायचे, त्याच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत, बंगाल, मद्रास, मुंबई अशा तीन रांगा. कामठी आपलं असूनही फौज मद्रासची, म्हणून तिथली नोंद मद्रासच्या रांगेत शोधायची, हे न कळल्यामुळे पहिलं वर्षभर आम्ही मुंबईच्या याद्या पाहत बसलो होतो. १९३२ मध्ये इथल्या एका साहेबानं मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या कबरींवरच्या मजकुराची यादीही केली होती, नागपूरच्याच सरकारी छापखान्यात छापली, तिची स्कॅन कॉपी एका पोरीकडे आहे. त्या यादीत प्रत्येक साधा सोल्जर नाही, आमचा तर नाहीच.

कोणाला यायचं असेल तर मेसेज करा. फुल बाह्यांचा शर्ट, बूट, पाण्याची बाटली, जमलं तर मऊ ब्रश. आणि यायला नाही जमलं तर तुमच्या गावात ती १९१४ वाली पाटी असेल तिचा फोटो पाठवा, आणि त्या आकड्यातलं एखादं नाव गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून ठाऊक असेल तर तेही लिहून पाठवा, आम्ही वही केली आहे, तिच्यात आतापर्यंत सात नावं आहेत.

आरसा मी परत नाही आणला. कब्रस्तानाच्या कोपऱ्यात ज्या मावशी राहतात, ज्यांच्या बकऱ्या आमचं अर्धं गवत खाऊन टाकतात, त्यांच्या खोलीत ठेवून आलो. वयाचा तो आकडा, एक का चार, तो दगडाच्या उजव्या अंगाला आहे, त्याला सकाळचा कवडसा पोचत नाही. येत्या रविवारी तीननंतर पाहायचं आहे.